सगळ्या बाह्या उजव्या

दुखणं हत्तीच्या पावलानं येतं आणि मुंगीच्या पावलानं जातं, असं म्हणतात. ज्यानं हे म्हटलं त्यानं मास्तरणीचं दुखणं पाहिलेलं नसणार. तिचं आलंच मुंगीच्या पावलानं. ताप नाही, खोकला नाही, कुठं सूज नाही, चार माणसांना दाखवायला एखादी जखम नाही. नुसता थकवा. रात्री गादीवर टाकलेलं अंग सकाळी जसंच्या तसं परत मिळायचं. जिना चढताना मधल्या वळणावर ती कठड्याला धरून उभी राहायची, आणि खालून कुणी येताना दिसलं की उगाच पिशवीत काहीतरी शोधल्यासारखं करायची. एकदा बरणीचं झाकण निघेना म्हणून ओट्याशी उभी राहून रडली. झाकणासाठी रडणारी बाई ती नव्हे. तिचं तिलाच नवल वाटलं, आणि मग नवल वाटण्याचाही कंटाळा आला.

माणूस आजारी पडला की लोक विचारपूस करतात. माणूस थकला की लोक शिकवायला येतात. शेजारीण म्हणाली, बीट खा. बहीण म्हणाली, सकाळी चालायला जा. नणंदेनं टॉनिकची एक भलीमोठी बाटली आणून दिली आणि दर फोनला बाटली कुठवर आली ते विचारायला लागली. बाटली फळीवर होती तिथेच होती. नवरा म्हणाला, "तू विचार फार करतेस."

"तू एकदा विचार न करता घर चालवून दाखव," मास्तरीण म्हणाली. पण हे सगळं मनात. प्रत्यक्षात तेवढंही बोलायचं त्राण नव्हतं.

मास्तरीण म्हणजे शाळेतली नव्हे. गणवेश शिवायचा एक कारखाना होता, टायरच्या दुकानावरच्या मजल्यावर, लांबलचक खोलीत. दोन्ही भिंतींना लागून शिलाई मशिनांच्या रांगा आणि मधोमध कापड बेतायचं टेबल. त्या टेबलावर कापडाचे थरावर थर अंथरायचे, वर पुठ्ठ्याचा साचा ठेवून खडूनं आखायचं आणि विजेच्या कटरनं सगळे थर एकदम कापायचे. हे काम ज्याचं तो मास्तर. मशिनवर बसणारीचा टाका चुकला तर एक टाका उसवायचा. मास्तरचा हात चुकला तर थान वाया. म्हणून त्या टेबलापाशी आजवर बाप्येच उभे राहिलेले. ही काज-बटणाला लागलेली मुलगी टेबलाच्या कडेला उभी राहून बघत राहायची, शेवटी जुन्या मास्तरांनी कंटाळून तिच्या हातात खडू दिला. ते गेल्यावर टेबल तिच्याकडे आलं तेव्हा सगळे तिला चिडवायला 'मास्तरीण' म्हणायला लागले. चिडवणारे हळूहळू दुसरीकडे गेले आणि नाव राहिलं. आयुष्यात तिनं स्वतः कमावलेलं असं जे काही होतं ते हे टेबल. घर सासऱ्यांचं, आडनाव नवऱ्याचं, लेकीचं नाक आत्यावर गेलेलं. टेबल मात्र तिचं.

जुन्या मास्तरांनी खडूबरोबर एक रीतही दिली होती. कापायच्या आधी विचारायचं. कापल्यावर विचारून काय उपयोग? समोर जी उभी असेल तिला मोठ्यानं विचारायचं, "डावी?" तिनं थर उचकटून बघायचं आणि म्हणायचं, "आहे." मग "उजवी?" "आहे." मगच कटर चालू. समोर उभी राहायची ती बाहीवाली, म्हणजे बाह्या जोडण्यात जिचा हात धरणारी कुणी नव्हती ती. मशिनांच्या घरघरीवरून त्या दोघींचा हा सवालजवाब वर्षानुवर्षं ऐकू यायचा. नव्या पोरींना ते काहीतरी मंत्र म्हटल्यासारखं वाटायचं.

मालक वाईट माणूस नव्हता. वाईट असता तर बरं झालं असतं, निदान भांडता आलं असतं. देखरेख करणारी बाई लग्न होऊन गेली तेव्हा तिची शिटी टेबलावर ठेवून तो म्हणाला, "ताई, दुसरी मिळेपर्यंत जरा लक्ष ठेवा." ते 'जरा' कारखान्यात ठाण मांडून बसलं. दोरा संपला, मास्तरीण. वीज गेली, मास्तरीण. दोघीजणी खिडकीवरून भांडल्या, मास्तरीण. गिऱ्हाइकाचा फोन आला तरी मालक आधी मान वळवून तिच्याकडे बघणार. हात टेबलावर आणि कान सगळ्या खोलीभर, अशी तिची गत झाली.

आणि घरी नाना. नाना म्हणजे सासरे. जन्मभर छापखान्यात पहाटेच्या पाळीला गेलेले. आता वय झालं, आठवण विरली, पण पाळी राहिली. रात्री केव्हाही उठायचे, कपडे चढवायचे आणि दार उघडून कामावर निघायचे. एकदा थेट चौकापर्यंत गेले होते, पायात एकच चप्पल. दिवसा शेजारीण लक्ष ठेवायची, रात्रीसाठी त्या दिवसापासून मास्तरणीनं आपली गादी बाहेरच्या खोलीत, दाराशेजारी घातली. कडी खुट्ट वाजली की ती उठून बसलेली असायची. नाना रोज उठायचे असं नाही. आठवड्यातून एखादवेळी, कधी तेही नाही. पण कुठल्या रात्री उठतील हे त्यांना तरी कुठं माहीत होतं? नवरा आतल्या खोलीत झोपायचा, आणि तो झोपला म्हणजे लाकूड. सकाळी हिचा उतरलेला चेहरा बघून म्हणायचा, "अगं, रात्रभर पडूनच तर असतेस." ते खरंही होतं. म्हणूनच जास्त लागायचं.

मालकाच्या आग्रहावरून तिनं मध्यंतरी आठ दिवस सुट्टी घेतली. आगीतून फुफाट्यात. कारखान्यातून फोन, छोट्या मापाचा साचा कुठं ठेवलाय. परत फोन, सापडला, पण जाकिटाचा कुठाय. आणि घरात तर काय, 'घरीच आहेस तर' एवढं म्हटलं की कुणी काहीही सांगावं. घरीच आहेस तर पडदे काढ. घरीच आहेस तर नानांना दवाखान्यात ने. या तीन शब्दांनी जेवढ्या बायका दमवल्या तेवढ्या दगड फोडण्यानं दमवल्या नसतील. सुट्टी संपवून ती कामावर गेली तेव्हा सगळे म्हणाले, "वा, आता कशी ताजीतवानी दिसतेस." ती होती तशीच होती. फक्त आता थकलेय म्हणायलाही तोंड उरलं नव्हतं.

मग रक्त तपासून झालं. थायरॉइड ठीक, साखर ठीक, हिमोग्लोबिन ठीक. डॉक्टरीणबाईंनी कागद पालथे घातले. मास्तरणीला चक्क वाईट वाटलं. काहीतरी निघालं असतं तर गोळी तरी मिळाली असती.

"ताणाचा थकवा आहे हा," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "खोटा नाही बरं का. शरीर सतत सावध राहिलं की असंच दमतं. तुम्ही झोपता, पण निर्धास्त झोपता का? रात्री कान कुणाकडे असतो?"

"घर म्हटलं की असतोच कुणाकडे तरी."

"मग तो कान दुसऱ्या कुणाकडे तरी द्या. रोज नाही तर निदान एक रात्र आड. आणि दिवसातून थोडा वेळ असा ठेवा, की त्या वेळी तुम्ही कुणाच्याच कामाच्या नाही. ताण कमी करा."

मास्तरीण बाहेर पडली ती धुमसतच. ताण कमी करा! कुठल्या दुकानात मिळतो तो कमी ताण? दुसऱ्या कुणाकडे म्हणजे कुणाकडे, लाकडाकडे? उंटावरून शेळ्या हाकायला काय जातं. घरी येऊन तिनं कागद टॉनिकच्या बाटलीखाली सरकवले.

थकव्याचं एक वाईट असतं. तो नुसतं अंग मोडत नाही, माणसाला चिडकं करतो. तिला आवाज सहन होईनासे झाले. मशिनांची घरघर चालायची, पण माणसाचा आवाज नको. कुणी 'ताई' म्हटलं की कपाळावर आठी. एक दिवस टेबलाशी बाहीवालीनं सवयीनं तिच्याकडे बघितलं, सवालाची वाट बघत, तेव्हा मास्तरीण खेकसली, "दरवेळी काय ते पोपटासारखं? मला डावं-उजवं कळतं. तुझं काम कर." बाहीवालीनं थरावरचा हात काढला. त्या दिवसापासून टेबलावरचा सवालजवाब बंद पडला. मास्तरणीला उलट हायसं वाटलं. तेवढीच शांतता.

मग नर्सिंग कॉलेजचं काम आलं. मुलींचे गणवेश, पाणेरी रंगाचे, ओढलं की ताणल्या जाणाऱ्या कापडाचे, एका बाजूनं गुळगुळीत, दुसऱ्या बाजूनं खरखरीत. पदवीदानाच्या दिवशी सगळ्या मुली एका वेषात उभ्या राहणार होत्या.

इथे बाहीचं थोडं सांगायला हवं. बाही पुढून जास्त खोल कापलेली असते, मागून कमी. त्यामुळे उजवी बाही डाव्या हाताला बसत नाही, आणि उलटून लावली तर कापडाची खरखरीत बाजू वर येते. म्हणून अशा कापडाचे थर घालताना एक सुलटा, त्यावर एक उलटा, असे घालायचे. साचा एकच ठेवला तरी खालीवर मिळून जोड्या आपोआप निघतात. हे मास्तरणीला झोपेत विचारलं तरी सांगता आलं असतं. पण आदल्या दिवशी तिनं मालकाच्या घरचे फुलांच्या छापाचे पडदे बेतले होते, आणि छापाचं कापड सगळं सुलटंच घालावं लागतं. त्या सकाळी थर घालताना मध्येच शेजारणीचा फोन आला, नाना गॅलरीत उभे राहून छापखान्याच्या गाडीला हाका मारतायत म्हणून. फोनवर नानांची समजूत घालता घालता हात चालूच राहिले, आणि हात कालच्याच वाटेनं गेले. सगळे थर सुलटे. साचा ठेवला, आखलं, कापलं. विचारलं कुणाला नाही.

दुपारी बाहीवालीच्या मशिनपाशी गठ्ठे गेले. तिनं एक बाही उचलली, दुसरी उचलली, तिसरी उचलली. मग मशिन बंद करून हात मांडीवर ठेवून बसून राहिली. तिचं मशिन थांबलं म्हणून शेजारचं थांबलं, मग त्याच्या शेजारचं. खोलीत असा शुकशुकाट मास्तरणीनं वीज गेल्याशिवाय कधी ऐकला नव्हता.

"काय झालं?"

"सगळ्या उजव्या आहेत," बाहीवाली म्हणाली.

मास्तरणीनं गठ्ठा सोडून टेबलावर पसरला. उजवी, उजवी, उजवी. सगळ्या कॉलेजला पुरून उरतील इतक्या उजव्या बाह्या, आणि डावी औषधालाही नाही.  खरं सांगायचं तर तिला सगळ्यात आधी आला तो राग, आणि तोही समोरचीवर.

"तू समोर उभी होतीस ना? थर घालताना बघत होतीस ना? तोंडाला काय कुलूप होतं?"

बाहीवालीनं मान वर केली. ती कधी आवाज चढवणाऱ्यातली नव्हती, आताही चढवला नाही. "मला शंका आली होती. पण तू ओरडतेस. हल्ली कुणी काही बोललं की तू ओरडतेस. म्हटलं, चुकलं माझंच बघण्यात, कशाला उगाच."

 ज्या रीतीवर तिनं एवढी वर्षं टेबल सांभाळलं ती तिनंच आपल्या तोंडानं बंद केली होती. ती टेबलाच्या कडेला टेकली. कुणीतरी पाण्याचा ग्लास आणून दिला. शिव्या दिल्या असत्या तर परवडलं असतं, पाणी पिववेना.

मालक आला. बाह्या बघितल्या, डोकं खाजवलं, चष्मा पुसला. "होतं असं," तो म्हणाला. "बाकीचं कापड ठीक कापलंय ना? मग बाह्यांपुरतं नवीन कापड आज संध्याकाळपर्यंत मागवतो. आणि ताई, तुम्ही आता जरा आराम करा. पलीकडच्या कारखान्यातला एक मास्तर मोकळा आहे. तो टेबल बघेल थोडे दिवस. तुम्ही खुर्चीवर बसून नुसतं लक्ष ठेवा."

तो अगदी मायेनं बोलत होता. मास्तरणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. या माणसाचं 'जरा' तिनं पाहिलं होतं. याचे 'थोडे दिवस' कसे असतील ते तिला सांगायची गरज नव्हती. वर 'नुसतं लक्ष ठेवा'! ज्यानं जीव चालला होता तेवढंच ठेवायचं, आणि जे जीव लावून केलं ते टेबल काढून घ्यायचं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय?

"बाह्या मी कापणार," ती म्हणाली. "त्या चुकल्या तर टेबल त्याचं. मी आपणहून कात्री ठेवीन. पण लक्षबिक्ष मी आजपासून ठेवणार नाही. ते दुसऱ्या कुणाला सांगा."

"कुणाला सांगू?"

"हिला सांगा," मास्तरणीनं बाहीवालीकडे बोट केलं. "तिला दिसतं. आणि ती ओरडत नाही."

मालकानं दोघींकडे बघितलं. "बरं, बरं. मग कापड आलं की लगेच घ्या कापायला. उद्यापर्यंत थांबायला वेळ नाही."

"आल्या आल्या नाही कापता येणार. ताणाचं कापड आहे. गुंडाळीवर ताणून बसलेलं असतं. रात्रभर टेबलावर मोकळं पसरून ठेवायला हवं, नाहीतर शिवून झाल्यावर आखडतं."

"एवढी एक वेळ..."

"एक वेळही नाही. रात्रभर ते मोकळं सुटेल." ती पुढचं बोलेपर्यंत तिलाच माहीत नव्हतं की ती बोलणार आहे. "आणि आज रात्री मीसुद्धा."

कापड आल्यावर दोघींनी मिळून ते टेबलावर सैल पसरलं. मास्तरणीनं कडेला खडूनं खूण केली.

घरी नवरा आधीच आला होता. तो गाडी चालवायला शिकवायचा. दिवसभर शिकाऊ माणसांच्या शेजारी बसायचा, आणि संध्याकाळी दारातून आत आला की खुर्चीत असा कोसळायचा की त्याला पाणी देतानाही विचार पडावा. त्या दिवशीही तसाच पडला होता, डोळे मिटून.

"आज कसला एवढा दमलास?" मास्तरणीनं विचारलं.

"काय विचारतेस! एक नवीन बाई आल्यात. सिग्नल दिसला की डोळे मिटतात."

"पण गाडी त्या चालवतात. तू तर नुसता बसलेला असतोस."

नवऱ्यानं डोळे उघडले. "नुसता बसलेला? माझ्या बाजूला ब्रेक असतो. दिवसभर पाय त्याच्यावर. दाबायला लागो न लागो, पाय काढता येत नाही. कोण कधी काय करील याचा भरवसा आहे का? तुला नाही कळायचं ते. ज्याचं जळतं त्याला कळतं."

मास्तरणीनं पिशवी खाली ठेवली. वर्षभर ज्याला समजावता समजावता तिचं तोंड दुखलं, तेच हा माणूस तिला समजावत होता.

"माझा पाय रात्रभर असाच असतो," ती म्हणाली. "दारापाशी. वर्ष झालं. नाना उठोत न उठोत, मला पाय काढता येत नाही. आणि तू रोज सकाळी म्हणतोस, पडूनच तर असतेस."

त्यानं दाराकडे बघितलं. मग नेहमीच्या वाटेनं गेला. "अगं पण मला जाग येत नाही. झोप माझ्या हातात आहे का?"

"शिकाऊ गाडीत कधी झोप लागली तुला?"

"तिथं कशी लागेल? तिथं जबाबदारी असते."

आणि हे बोलून तोच खुर्चीत सरळ बसला. आपल्या खोलीत नाना खोकले. मास्तरणीनं आपली गादी उचलली आणि आत नेऊन टाकली, नवऱ्याची उचलून दाराशेजारी. गादी ओढताना तिला धाप लागली. "आज तू, उद्या मी. मग परत तू," ती म्हणाली. "आज कडी वाजली तरी मी उठणार नाही. उद्या माझं टेबल राहायचं की जायचं ते ठरणार आहे." खरं तर तिला वाटत होतं, हा काही उठायचा नाही आणि शेवटी आपल्यालाच धावावं लागेल. रागारागानंच ती आतलं दार लोटून आडवी झाली.

आता तिला गाढ झोप लागली आणि सकाळी ती फुलासारखी उठली, असं सांगायला मला आवडलं असतं. तसलं काही झालं नाही. वर्षभराची सवय एका रात्रीत सुटते थोडीच? कान कितीतरी वेळ दाराकडेच होता. तिनं तो ओढून आणला, तो परत गेला. केव्हातरी मात्र तो गेला आणि तिला त्याचा पत्ता लागला नाही. जागी झाली तेव्हा उजाडलं होतं. अंग जडच होतं, पण डोळ्यांमागे जी वाळू असायची ती थोडी कमी होती. तेवढंच. जे आलंच मुंगीच्या पावलानं, ते आणखी कसं जाणार?

बाहेर नवरा गादीवर बसला होता. डोळे लाल, केस उभे, पाठ भिंतीला. नाना शेजारी खुर्चीवर बसून मजेत चहा पीत होते.

"उठले होते का नाना?"

"छे!" नवरा म्हणाला. त्याच्या आवाजात नानांबद्दल तक्रार होती. "एकदाही नाही. ढाराढूर झोपले. मीच मेला रात्रभर प्रत्येक आवाजाला उठून बसतोय. जिन्यातलं मांजर वाजलं तरी उठतोय. नुसता पडून होतो गं, काही केलं नाही, तरी अंग असं का झालंय? लाकडासारखं."

मास्तरणीच्या ओठांवर वर्षभराची उत्तरं एकदम आली. तिला आनंद झाला असं म्हणवत नाही. रागच आला. आपण वर्षभर सांगत होतो ते पालथ्या घड्यावर पाणी, आणि याला एक रात्र जागताच कळलं! पण भांडायला वेळ नव्हता, आणि ताकद तर टेबलासाठी राखून ठेवायची होती. तिनं फळीवरून टॉनिकची बाटली काढली आणि त्याच्यापुढे ठेवली.

"घे. दोन चमचे."

"टॉनिकनं काय होणार आहे!" नवरा खवळून म्हणाला.

"बीट खा मग," मास्तरीण म्हणाली आणि चप्पल घालून बाहेर पडली.

टेबलावर कापड रात्रभर मोकळं पडून आपोआप थोडं आत आलं होतं. कडेला आदल्या दिवशी केलेल्या खडूच्या खुणेपासून ते सरकलेलं दिसत होतं. मालक दारात उभा होता, त्याच्या मागे तो पलीकडचा मास्तर, हात बांधून. मास्तरणीनं दोघांकडे बघितलं नाही. फोन बंद करून खणात टाकला. थर घालायला घेतले, एक सुलटा, एक उलटा. बाहीवाली समोर येऊन दुसरं टोक धरायला लागली. देखरेखीची शिटी तिच्या गळ्यात अडकवलेली होती आणि ती तिला मुळीच शोभत नव्हती.

मध्ये कुणीतरी हाक मारली, "ताई, काळा दोरा..." मास्तरणीची मान वळायला लागली. तिनं ती परत टेबलाकडे आणली. बाहीवाली म्हणाली, "मला विचार. तिला नाही." एवढी साधी गोष्ट, पण मास्तरणीच्या खांद्यातून काहीतरी खाली उतरलं. किती दिवस ते तिथं होतं कुणास ठाऊक.

थर झाले. साचा ठेवला, आखलं. कटर हातात घेतला.  ती थांबली, घसा खाकरला. इतक्या दिवसांनी मोठ्यानं विचारायची लाज वाटत होती.

"डावी?"

बाहीवालीनं थर उचकटले. "आहे."

"उजवी?"

बाहीवालीनं थर उचकटले आणि गप्प राहिली. मास्तरणीनं बटणावर बोट ठेवलं होतं.

"थांब," बाहीवाली म्हणाली.

ती जुनी तिडीक पायापासून उठली आणि थेट जिभेपर्यंत आली. मला डावं-उजवं कळतं, हे सगळं वाक्य तोंडात तयार होतं. दारातले दोघे बघत होते. मशिनं थांबली होती. मास्तरणीनं बोट बटणावरून काढलं, कटर आडवा ठेवला आणि विचारलं, "काय चुकलंय?"

बाहीवालीनं एकेक थर नीट खाली सोडला, वरून हात फिरवला.

"काही नाही," ती म्हणाली. "तू थांबतेस का, ते बघत होते."

मास्तरणीला तिचा गळा धरावासा वाटला. आणि त्याच वेळी हसू आलं, ते आवरेना. हसताना डोळ्यांत पाणी आलं ते तिनं बाहीनं पुसलं. मग तिनं परत कटर उचलला आणि सगळ्या खोलीला ऐकू जाईल असं विचारलं, "डावी?"